उसनी चाल

मिलवॉकी, सेंटर स्ट्रीट, दोन हजार तीनचा फेब्रुवारी.
लव्हेलनं कपाटातले कोट तसेच ठेवले,
आवाज शोषतात म्हणाला,
आणि त्यांच्यामध्ये माइक टांगला.
मी बुटांच्या खोक्यावर.
हेडफोनचा एक कान त्याला, एक मला.

ठेका आमचा नव्हता.
त्या हिवाळ्यात तो सगळ्यांचाच होता :
केस कापायच्या दुकानात, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांत,
चर्चच्या तळघरात पोरं बाकावर तोच बडवायची.
अटलांटाच्या कुणा बड्या माणसाचं गाणं.
ऑडेलनं तबकडीच्या मागच्या बाजूवरून उचललं.
मागच्या बाजूला शब्द नसतात,
झाडून ठेवलेल्या खोलीसारखा नुसता ठेका.
पण चौथ्या आवर्तनाच्या शेवटी
एक हसू राहून गेलं होतं,
मूळ गाणाऱ्याचं. आखूड, नाकातलं.

निघत नाही, ऑडेल म्हणाला,
काढायला गेलो तर ढोलही जातो.
राहू दे, लव्हेल म्हणाला,
भाड्याच्या खोलीत आधीच्यांचा खिळा असतोच,
आपण त्यावर आपला शर्ट अडकवायचा.

पहिल्यांदा अडखळला. दुसऱ्यांदाही.
हसू यायचं आणि याचं वाक्य मधेच कापून जायचं.
तिसऱ्यांदा डोळे मिटले :

"भट्टी गार, भांडी गार, नळ गोठून खडक,
आई निजते कोट घालून, भाडं मात्र कडक.
कुबियाकसाहेब, महिना झाला,
दुरुस्ती कधी होणार?"

आणि ते हसू.

अटलांटाचा लखपती
आमचा घरमालक झाला होता.
मला हसू आवरेना, तेही टेपवर सांडलं.
ऑडेलनं तेवढंही ठेवलं.

ऐनवेळी सुचलं, असं तो सगळ्यांना सांगायचा.
विजेच्या बिलामागे तीन रात्री लिहिलेलं मी पाहिलंय.
पाठ झाल्यावर कागद भट्टीत टाकला असता,
पण भट्टी बंद.

सीड्या मी काढल्या.
एकीला अकरा मिनिटं, दोन बिघडल्या की एक धड.
मार्करनं नाव, कव्हरवर 'विक्रीसाठी नाही',
किंमत पाच डॉलर.
पेट्रोल पंपापाशी, कोटाच्या आतल्या खिशातून,
बोटं इतकी गोठलेली की सुटे पैसे मोजता येईनात.
एक बाई दुसऱ्या दिवशी परत आली.
मला वाटलं, सीडी चालत नसेल.
म्हणाली, तुमचा कुबियाक माझाही आहे.
अजून दोन दे.

थर्मनमामाला हे पटलं नाही.
उसन्या चालीवर कुणी मोठं होत नाही, म्हणाला.
आई भांडी पुसत होती.
रविवारी तू गातोस ती चाल
तू बांधलीस का रे, तिनं विचारलं,
आणि फडकं झटकलं.
मामानं कॉफी संपवली.

लव्हेल मोठा झाला नाही. म्हणजे, वयानं झाला.
आता रसीनमध्ये शाळेची बस चालवतो,
गुडघा दुखतो, रेडिओवर हवामान ऐकतो.
ऑडेलचा पत्ता नाही.
कुबियाकनं घर विकलं,
भट्टी नव्या मालकानं बदलली,
आम्ही निघाल्यावर.

परवा वाणसामानाच्या दुकानात
छतातून तेच गाणं गळत होतं. मूळचं.
वीस वर्षांत मी ते शब्दांसकट ऐकलंच नव्हतं.
काहीतरी गाड्यांबद्दल, घड्याळाबद्दल, स्वतःबद्दल.
चांगलंय. पण घाईत भरल्यासारखं,
जणू आमच्या खोलीत कुणी परकं सामान आणून टाकलंय
आणि खिळा दिसेनासा झालाय.

अंडी हातात, रांगेत पुढे दोघं.
चौथं आवर्तन सरत आलं.
मी हळूच म्हटलं,
कुबियाकसाहेब, दुरुस्ती कधी होणार?

तो वेळेवर हसला.
काउंटरवरच्या पोरीनं मान वर केली :
मला काही म्हणालात?